केसरबाई आणि तबकडीचा व्यवहार

१९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले. हिंदुस्थानी गायकाला उत्पन्नाचे एक नवे साधन लाभले. त्याबरोबर गाण्याचा धनी कोण, हा प्रश्नही उभा राहिला. जयपूर-अत्रौली घराण्यात तो विशेष तीव्र होता. अल्लादियाखाँसाहेबांच्या (१८५५–१९४६) गळ्याची एकही तबकडी नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी तबकड्या दिल्या, पण मोजक्याच. याचा उलगडा केवळ त्यांच्या मानी स्वभावात शोधणे वरवरचे होय. मैफलीत श्रोता समोर असे, रागाचा अवधी गायिकेच्या हाती असे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तो तीन-साडेतीन मिनिटांत संपे; ज्या गायकीचे मर्म दमदार, अखंड विस्तारात आहे, तिचे तिथे फार तर सूचन व्हायचे. शिवाय अनवट राग आणि बंदिशी ही घराण्यात वर्षानुवर्षांच्या तालमीने मिळणारी ठेव. तबकडी ती कोणाही अनोळखी कानापुढे हवी तितक्या वेळा उलगडी, आणि त्या नकलेची बिदागी कोणी देत नसे. (व्यापाराच्याच भाषेत बोलायचे, तर बाईंना आपल्या मालाचे मोल विकणाऱ्यांपेक्षा अधिक नेमके कळत होते.) तरीही ककुभ बिलावल, नट कामोद यांची ती चिमुकली मुद्रणे ऐकताना संकोच कुठेच जाणवत नाही, सूर पहिल्याच आवर्तनात आपली जागा घेतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीतही केसरबाईंची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्या निवर्तल्या.