तराजूच्या छापाची चांदी

घरातील जुने छायाचित्र म्हटले की पिवळसर कागद आपल्या डोळ्यांपुढे येतो. छायाचित्रणाच्या आरंभकाळी मात्र माणसाची छबी चांदीवर उमटत असे. लुई दागेर यांची पद्धत १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली. तीत तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा थर देऊन तो आरशासारखा लख्ख घासत. मग त्याला आयोडीनची वाफ देत, कॅमेऱ्यात ठेवून प्रकाश दाखवीत आणि शेवटी पाऱ्याच्या वाफेवर धरीत. तेव्हा कोठे त्या रुपेरी आरशात चेहरा प्रकट होई.

अशा काही पत्र्यांच्या कोपऱ्यात तराजूचा बारीक छाप व ४० हा आकडा आढळतो. पत्र्यात चांदीचे प्रमाण चाळीसास एक, असा त्याचा अर्थ. तराजू ही पॅरिसच्या क्रिस्तोफ्ल पेढीची खूण होती. सधन घरांच्या भोजनमेजांवर काटे, चमचे व तबके मांडणाऱ्या या पेढीने त्या घरांतील चेहरे जपणारे पत्रेही पुरविले.

पेढीचे मूळ पुरुष शार्ल क्रिस्तोफ्ल यांचा जन्म १८०५ सालचा. जवाहिऱ्याचे काम शिकत ते वर आले. त्यांच्या भाग्याला कलाटणी मिळाली ती १८४२ साली. विजेच्या साह्याने चांदी-सोन्याचा मुलामा चढविण्याचे फ्रान्समधील हक्क त्यांनी इंग्लंडचे एल्किंग्टन आणि फ्रान्सचे रुओल्झ यांच्याकडून विकत घेतले. या हक्कांवर आक्रमण करणाऱ्यांविरुद्ध त्यांनी न्यायालयात झुंजही दिली.

या विद्येचे मोल जाणण्यासाठी आधीची रीत पाहावी लागते. पूर्वी सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लेप भांड्यावर देत आणि भांडे तापवीत. पारा उडून जाई, सोने मागे राही. परंतु ती वाफ कारागिराच्या छातीत शिरे. हात कापू लागत, दात पडत, आयुष्य अकाली सरे. युरोपातील देवळांच्या कित्येक जुन्या सोनेरी प्याल्यांमागे हे दुःख आहे. वेदीवरील झळाळीकडे पाहताना त्याची जाणीव ठेवणे हे आपले कर्तव्यच होय. विजेच्या पद्धतीत भांडे धातूच्या क्षारांच्या द्रावणात बुडवून प्रवाह सोडतात आणि पातळ थर सर्वत्र सारखा बसतो. द्रावणातील सायनाइड विषारीच होते, तरी पाऱ्याची ती वाफ टळली. म्हणूनच फ्रेंच विज्ञान अकादमीने १८४२ साली या शोधाच्या जनकांना मोंत्यों पारितोषिक दिले. कामगाराच्या प्रकृतीला घातक असे धंदे निर्धोक करणाऱ्यांसाठी ते राखलेले होते.

पुढे घराण्याचा उत्कर्ष झाला. सम्राट तिसऱ्या नेपोलियनसाठी शंभर पाहुण्यांच्या मेजावर मांडावयाचा भव्य रुपेरी देखावा याच पेढीने घडविला. १८६३ मध्ये शार्ल निवर्तले. त्यांचे पुत्र पोल आणि रसायनशास्त्र जाणणारे भाचे आंरी बुइये यांनी कारभार सांभाळला. मार्सेय बंदरावरील टेकडीवर, नोत्र दाम द ला गार्दच्या मनोऱ्यावर पवित्र मातेची अकरा मीटरांहून उंच सोनेरी मूर्ती आहे. तीही १८७० साली याच कारखान्यात विजेच्या साह्याने घडली. १८७१ मध्ये तुइलरी राजवाडा जळाला, तेव्हा बुइये यांनी सम्राटाच्या त्या देखाव्याचे भाग ढिगाऱ्यातून वाचविले. आज ते पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. फ्रेंच सोनारकामाचा बृहद् इतिहासही त्यांनीच लिहिला.

घराण्याची आठवण अशी चहूबाजूंनी जपली गेली. तथापि चांदीला झिलई देणाऱ्यांचे काय? पॅरिसच्या कारखान्यांत हे काम बहुधा स्त्रिया करीत. पोलादी व दगडी हत्यारांनी चमच्याचा कण न् कण घासून त्यावर तेज आणीत. त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

याचे एक कारण त्या काळच्या कॅमेऱ्यातही दडले आहे. १८३८ साली दागेर यांनी पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले. प्रकाश टिपण्यास इतका वेळ लागला की धावती वाहने व चालणारी माणसे उमटलीच नाहीत. रस्ता ओस दिसतो. एका ठिकाणी मात्र बूट पुसून घेणारा एक गृहस्थ आहे. तो स्थिर उभा होता म्हणून टिकला. त्याच्या पायाशी वाकलेला पोऱ्या अस्पष्टच आहे. ज्याला स्थिर बसण्याची सवड, त्याचे चित्र राहिले. ज्याचे हात कामात, तो पुसला गेला.

वाचकहो, क्रिस्तोफ्ल पेढीची मालकी आज त्या घराण्याकडे नाही. तराजूचे छाप मात्र टिकून आहेत. चांदीचा तो पत्रा हाती धरून किंचित कलला, की जुना चेहरा लोपतो आणि पाहणाऱ्याचाच चेहरा त्यात दिसतो. आपल्या घरच्या पेटीतही लग्नाची, पहिल्या कम्युनियनची छायाचित्रे असतील. मधोमध बसलेल्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. कडेला ताटे धरून उभी असलेली बाई, मागे दिवा उचलून धरणारा गडी, यांची नावे सांगणारे वृद्ध अजून हयात असतील, तर ती आजच विचारून घ्यावीत आणि मऊ पेन्सिलीने चित्रामागे लिहून ठेवावीत.