डोळा कागदावर आला पाहिजे

एक जानेवारीला आपण सगळे वाघोलीवरून जातो. ट्रक, टेम्पो, मोटरसायकली, निळे झेंडे. नजर पुढं असते, कोरेगावच्या स्तंभाकडं. रस्त्याच्या आतल्या अंगाला दगडखाणी आहेत, तिकडं कुणी बघत नाही. पुण्याच्या बिल्डिंगांना खडी ह्या खाणींनी पुरवली. खडी फोडणारे वडार, मराठवाड्यातनं आलेले आपले लोक, आणि कुठं थारा न मिळालेले पारधी. २०२१ साली वाघोली महापालिकेत गेली. खाणीवरच्या पत्र्यांना त्याचा पत्ता उशिरानेच लागला.

ह्या वस्तीतली २०१९ ची गोष्ट आहे. शाळेतनं येताना पोरांचं भांडण झालं. नऊ वर्षांची आपल्यातली मुलगी. तिच्या डोळ्याला खडीचा तुकडा लागला. मारणारा पोरगा अकरा वर्षांचा, पारध्याचा. शाळा म्हणाली, आमच्या फाटकाच्या बाहेर झालं. मुकादम म्हणाला, पोरापोरांचं भांडण, मिटवून टाका, उगं पोलीस नको. आणि आपली पोरं? मीही त्यांच्यात होतो. आम्ही म्हणालो, चला ठाण्यावर, आत टाकू. एक जण तर म्हणाला, अ‍ॅट्रॉसिटी लावू. त्या शहाण्याला कायद्याची पहिली ओळही ठाऊक नव्हती. १९८९ चा कायदा अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसाला लागतो, आणि महाराष्ट्रात पारधी अनुसूचित जमातीत आहेत.

मुलीची आज्जी लातूरकडची. तिनं आम्हाला थांबवलं. म्हणाली, "लेकराला पोलिसाच्या हातात देऊ नगा, दादा. पन माज्या नातीचा डोळा कागदावर आला पायजे."

आम्हाला वाटलं, म्हातारी गोंधळली. एक तर तक्रार करायची, नाहीतर नाही करायची. दोन्ही कसं जमेल? पुढं इतिहास वाचत गेलो तेव्हा कळलं, म्हातारीच्या एका वाक्यात दोन इतिहास होते. एक आपला, एक पारध्यांचा. ते नीट मांडावेत म्हणून हा लेख.

पहिला इतिहास असा. आपली जखम कागदावर येत नाही.

गावगाड्यात खबर पोचवणारा कोण? महार. मयताचा सांगावा त्यानं न्यायचा, सरकारी भरणा तालुक्याला त्यानं पोचवायचा, शिवेचा तंटा झाला तर शीव त्यानं दाखवायची. साऱ्या गावाची फिर्याद ज्याच्या पायांनी चालत गेली, त्याची स्वतःची फिर्याद मात्र वेशीच्या आत अडायची. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यानं गावचा बंदोबस्त पोलीस पाटलाच्या हातात दिला. पाटील कुणाचा, हे सांगायला नको. आपल्या पोराचं डोकं पाटलाच्या भावकीतल्या पोरानं फोडलं, तर खबर द्यायची कुणाला? पाटलालाच. आणि १८७४ च्या वतन कायद्यानं महाराची चाकरी पक्की बांधलेली. बलुतं बंद करायची धमकी दिली की बाप पोराच्या जखमेवर हळद दाबून गप्प बसायचा. तो भेकड नव्हता. घरात दुसऱ्या दिवशीची भाकर नव्हती.

बाबासाहेबांनी ही गाठ ओळखली होती. १९२८ साली मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला एक समिती नेमली. स्टार्टे समिती. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात समितीनं मांडलं की आपले लोक हक्क बजावायला गेले की गाव बहिष्काराचं हत्यार उपसतं, आणि पोटासाठी गावावर अवलंबून असलेला माणूस त्यापुढं टिकत नाही. त्याच साली गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी मागणी केली की बहिष्कार हा गुन्हा ठरवा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्रानं केला तो २०१६ साली. मधल्या ८६ वर्षांत किती जखमा हळदीखाली दाबल्या गेल्या, त्याची नोंद नाही. नोंद नाही हाच तो इतिहास.

म्हणून "पोरापोरांचं भांडण" हे शब्द ऐकले की आपले कान उभे राहिले पाहिजेत. भांडण खरंच पोरांचं असतं तेव्हाही हे शब्द वापरतात, आणि पोरांच्या हातून गाव मारतं तेव्हाही हेच शब्द वापरतात. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून टाकलं. मारहाण शाळेच्या आवारात सुरू झाली. आरोपींत अल्पवयीनही होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयातनं आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. भर दिवसा घडलेलं, आणि कोर्टात कुणीच काही पाहिलेलं नाही! तेव्हा जो म्हणतो, पोरांच्या गोष्टीत कागद कशाला, त्याला खर्डा दाखवा.

आता दुसरा इतिहास. हा आपल्या चळवळीत कमी वाचला जातो.

पारध्याचं पोर जन्मायच्या आधीच कागदावर होतं. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. अख्खी जमात गुन्हेगार ठरवायची, बोटांचे ठसे घ्यायचे, हजेरी लावायची. सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. पोरांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत घालायची मुभाही ह्या कायद्यानं सरकारला दिली होती. पोरानं केलं काय होतं? काही नाही. त्या घरात जन्मला होता. मनूनं जे आपल्याशी केलं, ते इंग्रजानं शिक्का मारून त्यांच्याशी केलं.

आणि गंमत बघा. अस्पृश्यांची दुःखं नोंदवणाऱ्या समितीचा अध्यक्ष स्टार्टे, तोच साहेब मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटांचा अधिकारी होता. एकाच माणसाच्या टेबलावर दोन फायली. एकीत आपली न लिहिलेली जखम, दुसरीत त्यांचं आधीच लिहिलेलं पोर. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, माणसं विमुक्त झाली. पण कायदा गेला तरी ठाण्यातली नजर जात नाही. आजही कुठं चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते. आम्ही त्या दिवशी ठाण्यावर निघालो होतो, म्हणजे त्या गाडीला रस्ता दाखवायलाच निघालो होतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या कार्यकर्त्याला घोषणा पाठ असतात, कलमं नसतात.

१८६० च्या दंडसंहितेपासून सात वर्षांखालच्या पोराची कृती गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयाच्या पोराला आपण काय करतो ह्याची पुरती समज नसेल, तर त्याचीही नाही. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यातही हे कायम आहे. पोरांसाठी वेगळा कायदा मुंबई इलाख्यानं १९२४ साली केला. देशभरचा बाल न्याय कायदा १९८६ चा, मग २००० चा, आणि आजचा २०१५ चा. अठरा वर्षांखालचं पोर लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत एक बाई असलीच पाहिजे. किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा नसेल आणि सोबत मोठं माणूस सामील नसेल, तर पोरावर एफ.आय.आर. न करता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची असते, आणि पोराच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला द्यायचा असतो. पोराचं नाव छापता येत नाही.

म्हणजे म्हातारी गोंधळलेली नव्हती. ती म्हणाली तेच कायद्यात होतं. जखमेची नोंद होते, आणि पोर कोठडीत जात नाही.

मात्र हा कायदा कुणाच्या पोरापर्यंत पोचतो? १९ मे २०२४ ला नगर रोडला लागूनच असलेल्या कल्याणीनगरात बड्या घरच्या अल्पवयीन पोराच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर मेले. त्याच दिवशी जामीन, आणि अटींमध्ये ३०० शब्दांचा निबंध. देश खवळला. पुढं रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. लोक म्हणाले, पोरांना मोकळं सोडणारा कायदाच मोडा. मित्रांनो, तसं म्हणू नका. कायदा मोडला तर बड्याचं पोर वकिलाच्या जोरावर सुटेल, आणि आत सडेल ते पालावरचं. आपली मागणी अशी हवी की जी सबुरी बंगल्यातल्या पोराला मिळाली, ती खाणीवरच्या पोरालाही मिळू दे. आणि रक्ताचा नमुना कुणाच्याच पैशानं बदलू नये.

तेव्हा उद्या तुमच्या वस्तीत असं घडलं तर काय करायचं?

आधी पोराला सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टरला खरं कारण सांगा. "पडला" असं लिहून आलं की पुढं काही उरत नाही. केसपेपर घरात ठेवा, मुकादमाकडं देऊ नका. डोळा, कान, मोडलेलं हाड, पडलेला दात ही कायद्यानं गंभीर दुखापत आहे. ती आपसात मिटवायची गोष्ट नव्हे. शाळेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मग स्वतःला विचारा, ह्या पोराच्या हातामागं कुणी मोठा हात आहे का? जातीवरून शिव्या होत्या का, आधीची धमकी होती का, पाण्याचं किंवा जमिनीचं भांडण होतं का? असेल तर ते पोरांचं भांडण नव्हे. त्या मोठ्या माणसावर फिर्याद द्या, अ‍ॅट्रॉसिटी लागत असेल तर लावा, आणि एफ.आय.आर.ची प्रत फुकट मिळते ती घेतल्याशिवाय उठू नका. मागं कुणी नसेल, दोन्ही पोरं आपल्यासारखीच असतील, तरी नोंद कराच. पण मोर्चा नेऊ नका, पोराचं नाव फलकावर लिहू नका, आणि त्याच्या आईला भेटल्याशिवाय ठाण्याची पायरी चढू नका.

वाघोलीत शेवटी आम्ही दोन्ही आयांना घेऊन गेलो. पारधीण ठाण्याच्या दारातच बसली, आत येईना. तिचा बाप कधीतरी असाच आत गेलेला, एवढंच ती बोलली. आमच्या मुलीची आज्जी तिच्या शेजारी बसून राहिली. आत आम्ही नोंद करून घेतली. ठाणेदार आधी म्हणाला, पोरापोरांचं आहे ना, मग कशाला? आम्ही नियम दाखवला. वेळ लागला, पण लिहिलं.

मुलीला त्या डोळ्यानं अंधुक दिसतं. पोरगा मंडळापुढं उभा राहिला, समज देऊन सोडला. शाळेत मात्र परत आला नाही, कुटुंब दुसऱ्या खाणीवर गेलं. तेवढं आम्हाला रोखता आलं नाही, ही आमची हार. ती इथं लिहून ठेवतो.

दैनंदिनीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आज्जीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवली आहे. तिच्या घराण्यात कुणाची जखम कागदावर आली ती ही पहिलीच.

जय भीम.