डार्टमथचे खुले दालन

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोव्हर या लहानशा गावी, डार्टमथ महाविद्यालयाच्या जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताध्यापकांनी 1964 साली जो उद्योग सिद्धीस नेला, त्याला यंत्रविद्येच्या इतिहासाइतकेच, किंबहुना अधिकच, मानाचे स्थान शिक्षणाच्या इतिहासात मिळावयास हवे. तोवर आज्ञावली लिहिणाऱ्याने आपल्या आज्ञा पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छिद्रांच्या रूपाने उमटवून त्यांची चळत संगणकावर तैनात असलेल्या माणसांच्या हवाली करावी आणि निकालाचा कागद हाती पडेपर्यंत तासन्‌तास तिष्ठत राहावे, असा रिवाज होता. एखादे चिन्ह चुकले तरी सारी खटपट वाया जाऊन पुन्हा रांग धरावी लागे. खुद्द कुर्ट्झ पत्त्यांची पेटी घेऊन आगगाडीने एम.आय.टी. गाठीत. मुरलेला गणिती हा त्रास सोशी. परंतु आपल्या हातून काही घडेल की नाही याचीच ज्याला शंका, त्या नवशिक्याचा उत्साह एवढ्या विलंबात कसा टिकावा?

डार्टमथचे बहुसंख्य विद्यार्थी वाङ्मय, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांचे होते. उद्या कारभाराची सूत्रे यांच्याच हाती जाणार, तेव्हा ग्रंथालयाची कपाटे जशी खुली तसा संगणकही त्यांना विनामूल्य खुला असावा, असा या दोघांचा आग्रह होता. एकाच यंत्राचा वेळ अनेक टंकयंत्रांत वाटून देणारी व्यवस्था त्यासाठी उभी राहिली. तिचे बरेचसे काम पदवीपूर्व विद्यार्थ्यांनीच केले, ही गोष्ट मला विशेष अभिमानास्पद वाटते. तिच्या जोडीला बेसिक ही नवी भाषा आली, आणि 1 मे 1964 रोजी पहाटे चारच्या सुमारास तीतील आज्ञावल्या प्रथम चालल्या.

या भाषेत प्रत्येक ओळीला क्रमांक असे, आणि तो 10, 20, 30 असे अंतर राखून देण्याचा प्रघात असल्यामुळे विसरलेली ओळ 15 क्रमांकाने मागाहून घालता येई. चुकलेली ओळ त्याच क्रमांकाने पुन्हा टंकली की जुनी आपोआप रद्द होई. ‘लेट’ने किंमत ठरवावी, ‘प्रिंट’ने उत्तर मागावे, ‘एंड’ने समाप्ती करावी आणि ‘रन’ म्हणून हुकूम सोडावा, की अल्पावधीतच उत्तर, अथवा चुकीचा खुलासा, समोरच्या कागदावर उमटे. विचार मनात ताजा असतानाच चूक सुधारण्याची ही मुभा माझ्या मते या योजनेचे सर्वांत मोठे दान होय. पुढे 1984 साली भारतातील शाळांसाठी क्लास प्रकल्प सुरू झाला, तेव्हा बीबीसी मायक्रो यंत्रांवरही हीच भाषा, निराळ्या अवतारात, आपल्या मुलांपुढे आली.