तत्त्व मान्य, पण...

मी पाचवीत होतो तेव्हाची गोष्ट. साल १९६२. वर्गाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ असे आणि मॉनिटर म्हणून त्याचे ओगराळे माझ्याकडे असे. मुले येत, मी त्यांच्या हाती ओगराळे देई, ती आपली पाणी घेत. दारापाशी, चपलांच्या रांगेजवळ एक मुलगा बसे. तो आला की मात्र मी ओगराळे देत नसे. तो ओंजळ पुढे करी आणि मी वरून पाणी ओतत असे. असे कर म्हणून गुरुजींनी मला कधी सांगितले नव्हते. कुणी सांगावेही लागले नव्हते. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती.

पुढे मी शिक्षक झालो, इतिहास शिकवू लागलो आणि एक जुने प्रकरण वाचनात आले. जून १८५६ मध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. आपण फी भरायला तयार आहोत, तरी सरकारी शाळेत घेत नाहीत, ही त्याची तक्रार. सरकारने उत्तर मोठ्या सभ्यपणे दिले. न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे मान्य केले. पण एकादोघांसाठी पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींना एकदम हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल, असे सांगून प्रवेश नाकारला. थोडक्यात, तत्त्व मान्य, पण वेळ आलेली नाही.

वेळ खरेच आली नव्हती का? पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये. पुढे त्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. म्हणजे धारवाडच्या अर्जाच्या एक वर्ष आधी. ज्यांना शिकायचे होते त्यांची वेळ आलेली होती. आली नव्हती ती इतरांच्या मनाची.

पुढे लंडनहून कंपनीच्या संचालकांनी कळवले, की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. कागदावर प्रश्न मिटला. पण १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा त्यांनी वेगळ्याच ठिकाणी बोट ठेवले. सरकारी तिजोरीतला पैसा रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. दार उघडे ठेवून भागत नाही, दारापर्यंत पोचण्याचा खर्चही कुणीतरी उचलावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

आणि दारातून आत गेल्यावर? ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. प्रवेश मिळाला, नाव लागले. पण शाळेत त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, नाहीतर तहान तशीच. हे वाचताना, मंडळी, माझ्या हातातले ते ओगराळे मला आठवले.

‘पण’ हा शब्द बाजूला ठेवून काम करणारा एक राज्यकर्ता आपल्याकडे होऊन गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत बसवली. फी, राहणे-जेवणे आणि बसण्याची जागा, या तिन्ही गोष्टींना त्यांनी हात घातला. यातली एक जरी सुटली असती, तरी उरलेल्या दोन लंगड्या पडल्या असत्या.

हे सगळे जुने झाले, असे कुणी म्हणेल. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये झाला. त्याने खासगी विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट मिळाली. कायदा मान्य, पण जवळ दुसरी शाळा आहे ना! जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. धारवाडच्या त्या मुलाला दाद मागायला असे न्यायालय नव्हते, एवढा फरक या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत नक्की पडला आहे.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाला कुणी प्रवेश नाकारला नव्हता. हजेरीपटावर त्याचे नाव होते. सातवीनंतर तो शाळेत दिसेनासा झाला. का, ते कुणी विचारले नाही. मीही नाही. कायद्याने त्याला शाळेच्या दारातून आत आणले होते. पण दारापासून पुढच्या रांगेपर्यंतचे पाच-सहा हात अंतर आम्ही वर्गातल्यांनी पार करू द्यायचे होते, आणि ते आम्ही करू दिले नाही.

कधी आपल्या गावच्या शाळेत गेलात तर इमारत पाहाच, पटावरची संख्याही विचारा. पण त्याबरोबर दारापाशी कोण बसले आहे, तेही जरा पाहून या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)