बर्गन ते वर्धा : कुष्ठसेवेतील एका संशोधनाची वाटचाल

नागपूरहून वर्ध्याकडे येताना सेलू तालुक्यात केळझर लागते. सिद्धिविनायकासाठी विदर्भभर ओळखले जाणारे हे गाव म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असे परिसरातले लोक मानतात. तसा मान सांगणारी गावे महाराष्ट्रात आणखीही आहेत. बकासुराने सारे गाव उजाड करू नये म्हणून एकचक्रेच्या लोकांनी पाळी ठरवली होती. रोज एका घराने गाडाभर अन्न आणि घरातला एक माणूस पाठवायचा. आख्यायिकेला इतिहास म्हणता येत नाही. पण तिच्यातली व्यवस्था इतिहासात अनेकदा दिसते. एकाला बाहेर धाडायचे आणि बाकीच्यांनी निर्धास्त व्हायचे. महारोग्याच्या बाबतीत गावोगावी हेच घडत आले.

ही रीत मोडण्याच्या प्रयत्नात वर्धा जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. त्यातल्या सेवेची आठवण आपण ठेवली. त्याच सेवेतून उभ्या राहिलेल्या संशोधनाकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही. नवे संशोधन कुठे मांडले जाते, त्याला मान्यता कोण देते आणि मान्यता देताना त्यातले काय उचलले जाते, हे प्रश्न युरोपातल्या समाजकार्याच्या अभ्यासकांत आज आवर्जून चर्चिले जातात. त्यांची उत्तरे शोधताना बर्गन, बर्लिन आणि वर्धा ही तीन ठिकाणे एका ओळीत ठेवून पाहावी लागतात.

युरोपातली मान्यता

एकोणिसाव्या शतकात कुष्ठरोगाच्या अभ्यासाचे केंद्र नॉर्वेतील बर्गन हे बंदर होते. नॉर्वेने १८५६ मध्ये कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. एका रोगाची देशभराची अशी नोंद ठेवण्याचा हा जगातील आरंभीचा प्रयत्न. या नोंदींचा अभ्यास करणाऱ्या आर्माउर हॅन्सन यांना १८७३ मध्ये कुष्ठाचे जंतू दिसले. रोग आनुवंशिक आहे असे तोवर बर्गनच्याच डॅनियलसेन यांचे मत होते, आणि डॅनियलसेन हे हॅन्सन यांचे सासरे. नव्या शोधाला मान्यता मिळवण्यासाठी हॅन्सन यांना आधी घरच्याच अधिकारवाणीशी वाद घालावा लागला.

याच हॅन्सन यांनी पुढे एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिची संमती न घेता, रोगद्रव्य टोचून पाहिले. तिने दाद मागितली. १८८० मध्ये बर्गनच्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले आणि रुग्णालयातले पद त्यांना सोडावे लागले. संशोधन कितीही मोलाचे असो, ज्याच्यावर ते होते त्याची संमती हवी, हा दंडक एका सामान्य रुग्ण स्त्रीमुळे नोंदला गेला.

१८९७ मध्ये बर्लिनला पहिली आंतरराष्ट्रीय कुष्ठ परिषद भरली. तिने नॉर्वेचा दाखला देऊन रुग्णांच्या विलगीकरणाची शिफारस केली. इथे बारकाईने पाहायला हवे. नॉर्वेच्या पद्धतीत नोंदवही होती, स्थानिक आरोग्य मंडळे होती, आणि १८८५ च्या कायद्यात घरीच वेगळे राहण्याची सोयही होती. जगभरच्या वसाहतींनी त्यातले ‘वेगळे काढा’ एवढेच उचलले.

हिंदुस्थानात तर बर्लिनच्या आधीच १८९०-९१ मध्ये एका कुष्ठ आयोगाने देशभर फिरून पाहणी केली होती. रोग संसर्गाने पसरत असला तरी तो संसर्ग फार क्षीण आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. तरीही १८९८ चा ‘लेपर्स अॅक्ट’ आला. त्याचा रोख होता रस्त्यावर भीक मागणाऱ्या निर्धन रुग्णांवर. ज्याला घर आणि पैसा होता त्याला कायद्याने फारसा हात लावला नाही. पाळी पुन्हा गरिबाच्याच घरावर आली.

दत्तपूर आणि नागपाडा

१९३६ या एकाच वर्षी महाराष्ट्रात दोन ठिकाणी दोन आरंभ झाले. मुंबईत नागपाड्याला क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडले. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पाश्चात्त्य देशांत शास्त्र म्हणून घडत असलेले समाजकार्य इथे अभ्यासक्रमात आले आणि १९४० मध्ये त्याचे संशोधन-नियतकालिकही निघाले. त्याच वर्षी वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या मार्गदर्शनाखाली कुष्ठरुग्णांची सेवा सुरू केली. तिथे ना पदवी होती, ना नियतकालिक. मिशनऱ्यांनी चालवलेली कुष्ठालये देशात बरीच होती. पण भारतीय माणसाने प्रेमाने चालवलेली संस्था म्हणून गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत दत्तपूरचाच उल्लेख केला.

संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री कुष्ठाने खंगून १९३९ मध्ये सेवाग्रामला आले आणि गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, स्वतः मालीश केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा अर्थ केवळ करुणेपुरता घेणे अपुरे ठरेल. रुग्णाला वस्तीत ठेवूनही वस्ती सुरक्षित राहते, हे सेवाग्रामने सर्वांच्या डोळ्यांदेखत दाखवले. बर्लिनच्या ठरावाला दिलेले ते प्रात्यक्षिक उत्तर होते. १९४७ मध्ये कुष्ठकार्यकर्त्यांची अखिल भारतीय परिषद वर्ध्यातच भरली. विखुरलेले अनुभव एकत्र मांडण्याची जागा त्यामुळे तयार झाली.

घरोघरची पाहणी

गांधीजींच्या पश्चात गांधी स्मारक निधीने १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान स्थापन केले. त्याची धुरा डॉ. रामचंद्र विश्वनाथ वारदेकर यांच्याकडे आली. तोवर सल्फोन गटातले डॅप्सोन हे औषध हाती आले होते. तोंडाने घेता येणारी स्वस्त गोळी मिळाल्यावर रुग्णाला कोंडून ठेवण्याचे कारणच उरले नव्हते. अडचण निराळी होती. रोगी आपण होऊन पुढे येत नव्हता. चट्टा दिसला की तो झाकायचा, मुलीचे लग्न होईपर्यंत बोलायचे नाही, हाच रिवाज होता. दवाखान्यात पोचायचा तो बोटे झडल्यावर.

वारदेकरांनी म्हणून क्रम उलटा केला. रुग्णाने दवाखान्यात येण्याऐवजी कार्यकर्त्याने घरोघर जायचे. पाहणी, शिक्षण आणि उपचार या तीन अंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ही पद्धत ‘सेट’ म्हणून ओळखली जाते. डॉक्टर नसलेले पण नीट प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते ठरवून दिलेल्या गावांत प्रत्येक घर, प्रत्येक माणूस तपासत. अंगावरचा फिकट चट्टा बधिर आहे का, हे कापसाच्या स्पर्शाने पाहत. रोग दैवाचा किंवा पापाचा नाही, लवकर औषध घेतले तर हातपाय शाबूत राहतात, हे पारावर आणि शाळेत समजावत. मग गोळ्या गावातच मिळत. रुग्ण घरातच राहत असे.

वरवर ही औषध वाटपाची सोय वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे तपासून पाहिलेले एक सामाजिक गृहीत होते : रोग लपतो तो भीतीमुळे, आणि भीती घटल्याशिवाय औषध पोचत नाही. म्हणून ‘शिक्षण’ हे अंग पाहणी आणि उपचार यांच्या मधोमध आहे. नॉर्वेच्या नोंदवहीतले जे बर्लिनने मागे टाकले होते, ते वर्ध्याच्या खेड्यांत नव्या रूपात परत आले, आणि या खेपेला कोंडवाड्याशिवाय.

१९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याने ‘सेट’ पद्धतच आधारभूत मानली. संशोधनाला याहून मोठी मान्यता कोणती? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, रोमला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कुष्ठरुग्णांविरुद्धचे खास कायदे रद्द करण्याचा आग्रह धरला. बर्लिनपासून रोमपर्यंत युरोपाला एकोणसाठ वर्षे लागली. आपला १८९८ चा कायदा मात्र २०१६ पर्यंत पुस्तकात राहिला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले.

डॅप्सोनला न जुमानणारे जंतू १९६४ मध्ये मलायात सिद्ध झाले, तेव्हा एका गोळीवरचा भरवसा संपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. हे बहुविध औषधोपचार भारतात सर्वप्रथम जे जिल्हे घेऊन सुरू झाले, त्यांत पश्चिम बंगालमधील पुरुलियाबरोबर वर्धा होता. इथल्या गावांना घरी येणारा कार्यकर्ता तीस वर्षे परिचयाचा होता, हे त्या वेळी उपयोगी पडले असणार. त्याच दशकात वर्ध्याच्या प्रतिष्ठानने कुष्ठकार्यासाठी आंतरराष्ट्रीय गांधी पुरस्कार सुरू केला आणि परदेशी संशोधकांचाही गौरव केला. ज्या गावाला कोणे एके काळी युरोपचे ठराव मुकाट्याने मानावे लागले, ते आता स्वतः मान्यता देऊ लागले.

नोंदवह्या कोणाच्या?

युरोपात समाजकार्य-संशोधनाची स्वतंत्र परिषद आता दरवर्षी भरते. उत्तम लेखनाला पुरस्कार दिले जातात आणि ज्यांच्यावर संशोधन होते त्यांनाही त्यात वाटा असावा, यावर खल होतो. तिथल्या अभ्यासकांपुढे ठेवावे असे वर्ध्याकडे बरेच आहे. पण ते मांडायचे कोणी? ‘सेट’चा इतिहास संस्था आणि संचालक यांच्या नावांनी लिहिला जातो. उन्हातान्हात घरोघर फिरलेला कार्यकर्ता, आणि शेजाऱ्यांदेखत सदरा काढून चट्टा दाखवणारा पहिला रुग्ण, यांनी ते ज्ञान घडवले. त्यांचे नाव कोणत्याही निबंधावर नाही.

हा प्रश्न केवळ कृतज्ञतेचा नाही. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिला नसल्याचे मानले गेले. कुष्ठकार्य सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले, खास कार्यकर्ता दिसेनासा झाला. तरी आजही जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच सापडतात, आणि चट्टा झाकण्याची सवय मोडलेली नाही. तो उघड करून घेण्याची हातोटी ज्यांना साधली होती, ती पिढी आता थकली आहे. त्यांच्या पाहणीची पत्रके, भेटींच्या वह्या आणि त्यांचे बोलणे रुग्णांची नावे झाकून जपले, अभ्यासले, तर ते उद्याच्या कार्यकर्त्याच्या कामी येईल. दस्तऐवज जुने झाले म्हणून बांधून ठेवण्याची किंवा रद्दीत घालण्याची घाई करण्यापूर्वी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी एवढे तरी हाती घ्यावे.