रिव्हॉल्व्हर, वारसाने आलेले (सिकंदराबाद)

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरात उरलेले, फिरत्या चक्राचे आखूड हत्यार. चक्रात बहुधा पाच किंवा सहा काडतुसे बसतात. काडतुसे मुठीत सरकवायच्या खोक्यात भरत असतील, तर ते पिस्तूल. नाशिकला १९०९ मध्ये क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर चालवलेले ब्राऊनिंग या दुसऱ्या जातीचे. परवान्यावर दोन्हींची नोंद वेगळी होत असल्याने हा फरक आधी पाहावा.

हुसेनसागराच्या उत्तरेला १८०६ मध्ये इंग्रजांची छावणी पडली आणि तिसरा निजाम सिकंदर जाह याच्या नावाने सिकंदराबाद वसले. पुढे तिरमलगिरी आणि बोलारमपर्यंत फौजेचा पसारा वाढला. बोलारमला निजामाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिंजंट असे; तिचीच ठाणी हिंगोली, औरंगाबाद आणि मोमिनाबाद (आजचे अंबाजोगाई) येथेही होती. १९०३ मध्ये ती भारतीय सैन्यात विलीन झाली. त्या काळी इंग्रज अधिकारी आपले रिव्हॉल्व्हर पदरच्या पैशाने घेत; अट एवढीच, की त्यात सरकारी काडतूस चालले पाहिजे. त्यामुळे खासगी हत्यारेही फौजी बोअरचीच असत, आणि वारसांची खरी अडचण इथूनच सुरू होते.

ओळख पटवताना पहिला मान बर्मिंगहॅमच्या वेब्लीला. घोड्याजवळचा, डाव्या अंगाचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे खाली झुकते आणि चक्रातली सगळी काडतुसे एकदम वर उचलली जातात. ब्रिटिश फौजेने मार्क १ हे रूप १८८७ मध्ये आणि मार्क ६ हे १९१५ मध्ये स्वीकारले. आधीच्या रूपांची मूठ पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते. मार्क ६ ची चौकोनी, नळी सहा इंची, वजन किलोहून थोडे जास्त. दोन्हींचा बोअर ०.४५५ इंच. १९३० नंतरच्या एनफील्ड क्रमांक २ चा बोअर ०.३८० असून त्याच्या एका प्रकारात घोड्याला अंगठ्याने ओढायचे टोकच नसते. वरच्या पट्टीवर कलकत्त्याच्या मँटन किंवा रोडा यांचे नाव कोरलेले असेल, तर ती विकणारी पेढी, बनवणारी नव्हे. (रोडा म्हणजे तीच पेढी, जिची ५० माउझर पिस्तुले बंगालच्या क्रांतिकारकांनी ऑगस्ट १९१४ मध्ये पळवली.) मुकुटाखाली बीपी, बीव्ही किंवा एनपी ही अक्षरे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाची, १९०४ नंतरची, अंडाकृतीतले ईएलजी बेल्जियमच्या लिएजचे. रुंद पात्याचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालकीची खूण. बाणाखाली आय असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. असे दोन बाण टोकाला टोक लावून उमटवलेले असले, की हत्यार सरकारने रीतसर विकून टाकलेले. एकटा बाण दिसला, तर ते कोठारातून बाहेर कसे आले याचा कागद शोधावा.

मोल ठरते ते बोअर आणि कागद यांवर, वय त्यानंतर. ०.४५५ आणि ०.३८० ची काडतुसे चालणारी रिव्हॉल्व्हरे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो, म्हणून त्यांना उघड गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. लिलावात परदेशी मोठी बोली मिळवणारा मार्क ६ सिकंदराबादेत त्यामुळे पडून राहतो. उलट ०.३२ बोअरचे दिसायला साधे वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन हातोहात खपते: त्याचा बोअर खुला, काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात बनतात, आणि परदेशी हत्यारांची खासगी आयात कित्येक वर्षे जवळपास बंद आहे. चौकट आणि चक्र यांवरचे क्रमांक जुळणे, मूळ निळसर मुलामा, विक्रेत्याच्या चिठ्ठीची लाकडी पेटी यांनी किंमत चढते. हौसेने केलेल्या पॉलिशने ती उतरते. निकेलचा नवा मुलामा तर हत्याराचा सत्यानाशच करतो.

शतक उलटले म्हणून परवान्याची गरज संपली, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील सवलत दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुनाट हत्याराला मिळते; वेब्ली त्यात सहसा बसत नाही. परवानाधारक वारल्यावर हत्यार कलम २१ नुसार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचे असते. त्यानंतर वारसाला २०१६ च्या नियमांतील नियम २५ खाली आपल्या नावाने परवाना मागता येतो. हैदराबाद शहराच्या हद्दीत अर्ज पोलीस आयुक्तांकडे जातो. धारक हयात असतानाही, त्याची सत्तरी पूर्ण झाली किंवा हत्यार २५ वर्षे त्याच्याकडे राहिले, की वारसाचे नाव सुचवता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीची मर्यादा तीनवरून दोन हत्यारांवर आणली. वारसाहक्कालाही तिच्यातून सूट नाही. विनापरवाना बाळगल्यास दोन ते पाच वर्षे आणि प्रतिबंधित बोअर असेल तर सात ते चौदा वर्षे कैद होऊ शकते. तेव्हा किंमत विचारायला रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून दुकानोदुकानी फिरू नये. ते आधी जमा करावे, पावती घ्यावी आणि मूल्यांकन जमा असलेल्या जागीच करून घ्यावे.