‘चांदोबा’तील क्रमशः कथा

सीमाभागातील मराठी माणूस भाषेविषयी बोलू लागला की गाडी हटकून १ नोव्हेंबर १९५६ वर येते. ते स्वाभाविकच आहे. त्या दिवशी बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि शाळेचे, कचेरीचे, फलकांचे प्रश्न तिथून मागे लागले. येळ्ळूरने तर २०१४ साली गावच्या फलकावरून लाठ्या खाल्ल्या. ठराव हवेत, मोर्चेही हवेत; पण दहा वर्षांच्या पोराला ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न मराठीतून पडला नाही, तर ते उद्या मराठी पुस्तक उघडणार कशाला? घरात मराठी बोलणारे आणि मराठी न वाचणारे मूल आता अपवाद राहिलेले नाही. म्हणून ‘चांदोबा’तील अद्भुत साहसकथा पुन्हा घरात आणाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

या मासिकाचे मूळ मराठी नव्हे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ भाषांत ते सुरू केले. कन्नड ‘चंदमामा’ १९४९ साली निघाला, तर मराठी ‘चांदोबा’ १९५२ साली. ‘पाताळ भैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबाजार’ (१९५७) हे दाक्षिणात्य चित्रपट काढणारी जोडीही हीच. अद्भुताचा धंदा त्यांना नेमका कळला होता, असे म्हणायला हरकत नाही.

विक्रम-वेताळ सगळ्यांना आठवतो. खांद्यावर प्रेत घेऊन निघालेल्या विक्रमाचे शंकर यांनी काढलेले ते चित्रही. माझ्या मते मासिकाचा खरा प्राण मात्र क्रमशः कथेत होता. ती लिहीत असत दासरी सुब्रह्मण्यम्. १९३२ साली जन्मलेले हे गृहस्थ १९५२ मध्ये ‘चंदमामा’च्या संपादकवर्गात आले आणि अर्धशतकाहून अधिक काळ तिथेच राहिले. १९५४ साली त्यांची ‘तोकचुक्क’ सुरू झाली. तोकचुक्क म्हणजे शेपटीचा तारा, आपला धूमकेतू. (त्याच वर्षी तिकडे इंग्लंडात टोल्किनच्या अंगठीच्या महाकथेचा पहिला खंड निघाला!) पुढे ‘मकरदेवता’, ‘ज्वालाद्वीपम्’, ‘पाताळदुर्गम्’, ‘शिथिलालयम्’ अशा बारा दीर्घ कथा त्यांनी लिहिल्या. टोल्किनचे नाव जगभर झाले. दासरींचे नाव कथेवर छापलेच जात नसे, त्यामुळे ज्यांनी या कथांची पारायणे केली त्यांनाही लेखक ठाऊक नव्हता. २०१० साली ते वारले. किती मराठी घरांत ती बातमी कळली असेल?

कथा तेलुगूत लिहिली जाई, मग इतर भाषांत उतरे. चित्रे सर्वत्र तीच, ‘चित्रा’ या नावाने टी. व्ही. राघवन् यांनी काढलेली. हत्तीच्या कानाएवढे पंख असलेले राक्षस, पाण्यातून डोके काढणारे मगरमुखी सैनिक, कड्यावर लोंबकळणारे वीर... १९७८ साली राघवन् गेले तोवर हा हात थांबला नाही. ज्या घरात एक भाऊ मराठी शाळेत आणि दुसरा कानडी शाळेत, तिथे दोघांसमोर चित्र एकच, खालची अक्षरे तेवढी निराळी. मजकूर नाही समजला तर चित्रावरून जुळवावा, शब्द भावाला विचारावा. दोन भाषा शेजारी ठेवून शिकण्याची याहून सोपी सोय आमच्या भागात दुसरी कोणती होती ते मला तरी सांगता येणार नाही. शिवाय पात्रांची नावे संस्कृत वळणाची, शिखिमुखी, विक्रमकेसरी, खड्गवर्मा, जीवदत्त अशी. ती मराठीत परकी वाटत नाहीत, कानडीतही नाहीत. राज्ये तर नकाशावर नसलेलीच. ती कोणाच्या हद्दीत, हा प्रश्नच उद्भवत नाही.

सुरुवात ‘शिथिलालयम्’पासून करावी. शिखिमुखी आणि विक्रमकेसरी हे दोन तरुण अरण्यातल्या एका पडक्या देवालयाच्या शोधात निघतात, इतकेच सांगतो. येळ्ळूरच्या मुलाला जुना बुरूज कल्पनेने उभा करावा लागत नाही, मान वर केली की राजहंसगड आहेच. आता त्याची डागडुजी झाली आहे, २०२३ पासून तिथे शिवरायांचा भव्य पुतळाही आहे. तरी पावसाळ्यात धुक्यात शिरलेला तो डोंगर पाहिला की दासरींची अरण्ये फार दूरची वाटत नाहीत. त्यानंतर ‘रातिरथम्’ (दगडी रथ) आणि ‘यक्षपर्वतम्’ या दोन कथा लागोपाठ घ्याव्यात, कारण खड्गवर्मा आणि जीवदत्त दोन्हींत आहेत.

दोषही आहेत. स्त्रियांना या कथांत फारसे काम नाही. राजकन्या पळवली जाते आणि सोडवली जाते. मांत्रिक एका साच्यातले वाटू लागतात. भाषांतरातली मराठी कधीकधी ताठर होते. मोठ्या मुलाला हे खटकू लागले की त्याच्या हाती नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३) द्यावी. तिची भाषा जुनी आणि पल्लेदार आहे, आठवीनववीच्या आधी ती झेपत नाही.

मासिक १९९८ मध्ये बंद पडले, वर्षभराने पुन्हा निघाले, २००७ साली मालकी बदलली आणि काही वर्षांतच कायमचे थांबले. त्यामुळे नवे अंक मिळणार नाहीत. जुने मात्र आहेत: कोणाच्या माळ्यावर दाभणाने शिवलेले वर्षाचे गठ्ठे, कुठे रद्दीच्या दुकानात सुटे अंक, आणि संगणकावर उतरवलेली पाने. एका बैठकीत सगळी कथा वाचू देऊ नये. ती महिन्याला एक हप्ता अशी रचलेली आहे. हप्त्याच्या आरंभी मागची हकीकत दोनचार ओळींत दिलेली असते आणि शेवटी नायक हमखास संकटात. रोज रात्री एकच हप्ता मोठ्याने वाचावा, आणि मागची हकीकत मात्र मुलाला स्वतःच्या मराठीत सांगायला लावावी.